मामांची फेरी

आमच्या शाळेत सगळ्यात मोठा आवाज करणारा माणूस सगळ्यात कमी बोलायचा. शाळेचे शिपाई. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आपल्याकडे बहुतेक शाळांत शिपायाला मामाच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. रेवदंड्याच्या कोटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाड्यांना लागून आमची शाळा होती आणि तिचा सगळा दिवस मामांच्या हातातल्या लोखंडी दांड्यावर चालायचा. गुरुजींनी गणित पक्कं केलं, बाईंनी अक्षर वळणदार केलं, त्यांचं ऋण उघड आहे आणि ते मी वेळोवेळी बोलून दाखवते. पण पुढे कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवून मी जी भाकरी खाल्ली, तिचं पीठ मामांच्या घरचं होतं.

मी अखंड बोलणारी मुलगी होते. घरी आजी म्हणायची, हिच्या तोंडाला कडी लावा. शाळेत कडी नव्हती, त्यामुळे वर्गाबाहेर उभं करायचे. वर्गाबाहेर व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला मामांचं स्टूल. पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा मी त्यांच्याशीही बोलायला लागले. हे काय, ते काय, तुम्ही राहता कुठे, होडीत भीती वाटते का. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोल द्यायची वेळ झाली तसे उठले आणि जाता जाता एवढंच म्हणाले, ‘‘बाय, मी जाऊन येतो. तवर काय काय आयकू येतं ते ध्यानात ठेव. आल्यावर सांग.’’ आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला गप्प बस न म्हणता गप्प बसवलं.

टोल म्हणजे रुळाचा तुकडा. अलिबाग तालुक्यात तेव्हा आगगाडी नव्हती, बहुतेक मुलांनी ती पाहिलीही नव्हती. पण शाळेत रूळ होता. कुणी, कुठून, कधी आणला हे कुणाला ठाऊक नव्हतं. हातभर लांबीचा तो तुकडा उंडीच्या झाडाच्या फांदीला दोन तारांनी आडवा टांगलेला असे. त्या तारा कुठे बांधायच्या हे मामांनी कानाने ठरवलं होतं. एकदा पावसाळ्यात एक तार गंजून तुटली. दुसऱ्या दिवशी मामा नवी तार घेऊन बसले आणि मी शेजारी. तार अगदी टोकाला बांधून त्यांनी ठोका दिला, तर ठक्क असा आवाज आला आणि लगेच मेला. थोडी आत सरकवली, पुन्हा ठोका. आणखी थोडी आत, पुन्हा. दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीच्या अलीकडे तार आली तेव्हा रूळ घुमायला लागला आणि घुमतच राहिला. मामांनी तळहात रुळाजवळ नेला, टेकवला मात्र नाही. आवाज पुरता विरल्यावर म्हणाले, ‘‘आता खुश हाय.’’ पुढे पदवीच्या वर्गात दांड्याच्या कंपनांचं गणित आलं. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या दांड्याचे स्थिर बिंदू टोकांपासून सुमारे २२ टक्के अंतरावर असतात. तिथे टांगला तर त्याचं कंपन अडत नाही आणि मध्यावर ठोका दिला तर मूळ स्वर सर्वांत मोठा निघतो. फळ्यावरचं समीकरण उतरवून घेताना माझ्या डोळ्यांसमोर उंडीचं झाड होतं. वर्गात इतरांना पाठ करावं लागलं ते मला आठवायचं होतं.

शाळा भरायच्या आधी आणि मधल्या सुट्टीनंतर मामा आवाराला एक फेरी घालायचे. पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलेलं आहे का, खिडक्यांच्या कड्या लागल्यात का, कुंपणातून कुणाची गाय आत आली आहे का, हे बघायला. या फेरीत मला सोबत न्यायला त्यांनी कधी सुरुवात केली ते आठवत नाही. पण नियम पहिल्यापासून होता. फेरी पुरी होईस्तोवर कुणी बोलायचं नाही. मग स्टुलापाशी आल्यावर मी ऐकलेलं सांगायचं, ज्या क्रमाने कानावर आलं त्या क्रमाने. माझं राहिलेलं मामा भरून काढायचे. सुरुवातीला माझ्या यादीत फक्त माणसं असत. तिसरीतल्या मुलांचे पाढे, गुरुजींचा खोकला, स्टँडवरच्या एसटीत कंडक्टरने दिलेली डबल बेल, ‘म्हावरं घ्या, म्हावरं’ करत जाणारी टोपलीवाली. मामांच्या यादीत तांबट असे. तो उन्हाळ्यात एका सुरात टुक् टुक् करत राहतो आणि सतत चालू असल्यामुळे कुणालाच ऐकू येत नाही. पोफळीची विरी झाडापासून सुटून खाली येतानाचा सरकता आवाज असे, आणि नारळ पडला तर त्याचा धप्प. शेजारच्या वाडीतला रहाट असे. आमच्या अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, तेव्हा काही वाड्यांना अजून रहाटाने पाणी मिळत होतं. रेडा गोल फिरायचा, लाकडी चाकं एकमेकांत अडकत करकरायची, आणि गाडग्यांची माळ वर आली की पन्हळीत पाणी ओतल्याचा आवाज यायचा. मामा सांगायचे, करकर लांबली की रेडा दमलाय.

आवारात एक जागा होती जिथे टाळी वाजवली की कोटाची भिंत टाळी परत करायची. दोन पावलं पुढे गेलं की ती गप्प. प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू यायला भिंत किमान १७ मीटर दूर असावी लागते, हे विज्ञानाच्या पुस्तकात नंतर आलं. मामांनी मला ती जागा दाखवली नाही. ‘‘हाय कुठंतरी, शोध,’’ एवढंच म्हणाले.

वाऱ्याची गोष्टही फेरीतच समजली. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. त्या वेळी खाडी आणि गाव कानाशी यायचं. कोटाच्या भिंतीपलीकडे अगदी जवळ असलेला समुद्र मात्र मागे राहायचा. दुपार चढली, खारा वारा सुटला, की समुद्र भिंत ओलांडून आवारात यायचा आणि स्टँडवरची एसटी जणू चौलापर्यंत दूर गेलेली असायची. तरीही मामा सकाळचा टोल हलक्या हाताने द्यायचे, दुपारचा जोराने. सकाळच्या टोलाला वारा समुद्राकडे नेतो, गावाच्या आतल्या बाजूच्या मुलांना तो कसाबसा ऐकू येतो, मग तो जोराने नको का द्यायला, असं मी विचारलं. मामा म्हणाले, ‘‘सकाळी पोरं वाट बघत असतात, बाय. दुपारी खेळत असतात.’’

पण मामांनी मला दिलेली मुख्य गोष्ट निराळीच. ते टोल कधीही लगेच द्यायचे नाहीत. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं घड्याळ बघून यायचे, दांडा हातात घ्यायचे आणि थांबायचे. का थांबतात ते समजायला मला बराच काळ लागला. तिसरीत पाढे चालू असायचे. ‘बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव’ असा सूर लागलेला असताना मामा टोल देत नसत. बारा दाहे वीसासे झालं, मुलांनी श्वास घेतला, की त्या श्वासात टोल. दुपारी मशिदीतून बांग चालू असली तर ती संपेपर्यंत दांडा खाली. कुणाच्या दारावरून अंत्ययात्रा निघाली, टाळ ऐकू आले, तर ते वळणापलीकडे जाईपर्यंत. एकदा मुख्याध्यापकांनी खिडकीतून घड्याळाकडे बोट दाखवलं तेव्हा मामांनी कानाकडे बोट दाखवलं. मुख्याध्यापकांनीही कान दिला आणि खिडकी लावून घेतली. प्रार्थनेच्या टोलानंतर तर मामा तळहात रुळावर दाबून त्याचं घुमणं थांबवायचे. प्रार्थनेचा पहिला शब्द स्वच्छ जागेत पडावा म्हणून. ज्याच्या हातात सगळ्यांत मोठा आवाज, त्याने आधी बाकीचे आवाज ऐकून घ्यायचे आणि मग आपल्याला जागा आहे का ते बघायचं. हे त्यांनी मला शब्दांत कधी सांगितलं नाही. मी त्यांना रोज तसं करताना बघितलं.

रेवदंडा हे गावच असं की कान उघडे ठेवल्याशिवाय ते समजत नाही. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने इथे कोट बांधायला घेतला, तो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, आणि त्या कोटाच्या आत आज वाड्या, घरं, देवळं सगळं नांदतं आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा सातखणी बुरूज अजून उभा आहे. सात खणांतले थोडेच उरलेत, चर्च नाही, आणि घंटा कुठली असायला. मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देवळादेवळांत गेल्या. पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा त्यातलीच, नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर प्रसिद्धच. ज्या धातूने माळकऱ्यांच्या आधी पाद्र्यांना जागं केलं, तो आज आरतीला घुमतो आहे आणि त्याचा नाद काही बदललेला नाही. इथल्या बेने इस्रायली ज्यूंना तर सारं कोकण त्यांच्या न येणाऱ्या आवाजावरून ओळखायचं. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवत. म्हणून ते ‘शनवार तेली’. आठवड्यातून एक दिवस घाण्याची करकर थांबते यावरून शेजाऱ्यांनी त्यांचा धर्म ओळखला, त्याला नाव दिलं आणि तो तसाच चालू दिला. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. गावातलं त्यांचं सिनेगॉग मात्र अजून आहे.

याच गावचे नानासाहेब धर्माधिकारी. त्यांच्या बैठकींत दासबोधाचं निरूपण होतं आणि बैठकीला जाणारे लोक ‘श्रवणाला जातो’ असं म्हणतात. दासबोधात नवविधा भक्ती सांगताना समर्थांनी पहिला समास श्रवणालाच दिला आहे. कीर्तन त्याच्या नंतर. आणि पार मागे जायचं तर त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन. पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, तो एक घोडा घेऊन शेजारच्या चौलच्या बंदरात उतरला. त्याने आपल्या प्रवासाची टिपणं रशियनमध्ये लिहिली, पण त्यांत मध्येच फारसी, तुर्की, अरबी शब्द आहेत. बाजारात, धक्क्यावर, सराईत जे कानावर पडलं ते तसंच कागदावर उतरलेलं. आता रेवदंड्याच्या हायस्कुलाच्या आवारात त्याचं स्मारक आहे. मुलं त्याच्या आजूबाजूला खेळतात, आरडाओरडा करतात. चौलच्या बंदरातला तेव्हाचा गलबला ज्याने टिपून ठेवला, त्याला हा शेजार रुचला असता.

मामा कोर्लईचे. खाडीच्या पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी. साळावचा पूल व्हायच्या आधीचे ते दिवस. रोज होडीने खाडी ओलांडून यावं लागायचं. शाळेचं घड्याळ एका जागी असायचं आणि भरतीचं रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकायचं. या दोन घड्याळांच्या मध्ये मामांचा संसार. कधी पहाटे अंधारात यायचे, कधी शाळा सुटल्यावर पाणी लागायची वाट बघत व्हरांड्यात बसायचे. मीही बसायचे. खाडीतून होड्या परत येताना इंजिनाच्या आवाजावरून ते सांगायचे, ही एक शिलिंडरची, ही दोन शिलिंडरची, हिचं इंजिन गेल्या महिन्यात उघडलंय, ही अजून खोकतेय. मासेमारी बंदीच्या पावसाळी दिवसांत खाडी इंजिनांवाचून असायची. मग नारळी पुनवेनंतर पहिली होडी बाहेर पडली की मामा नुसती मान हलवायचे, कुणीतरी परगावहून आल्याची बातमी मिळाल्यासारखी.

मी पुढे शिकायला अलिबागला गेले, मग पुण्याला, आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवायला लागले. ध्वनी हा माझा विषय झाला. नोकरीत काही वर्षं गेल्यावर कॅनडातल्या आर. मरे शेफर या संगीतकाराचं लिखाण हाती आलं. १९७० च्या आसपास त्याने व्हँकूवरला जगातल्या ठिकाणांचे आवाज नोंदवायचा प्रकल्प उभा केला होता आणि एखाद्या जागेला भूदृश्य असतं तसं ध्वनिदृश्य असतं, असं तो मांडत होता. त्याची सहकारी हिल्डेगार्ड वेस्टरकँप हिने १९७४ मध्ये ऐकत चालण्यावर लेख लिहिला. एकच हेतू ठेवून चालायचं: आजूबाजूचं ऐकायचं, बोलायचं नाही. वाचताना मला हसू फुटलं. नेमक्या त्याच वर्षांत रेवदंड्याला हा अभ्यासक्रम विनाशुल्क चालू होता.

मग मीही माझ्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या आवारात फेरीला न्यायला लागले. मोबाइल टेबलावर, तोंड बंद, मुख्य इमारतीपासून मैदानाला वळसा घालून कँटीनपर्यंत. परत आल्यावर यादी. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या याद्या सारख्याच येतात: रिक्षा, हॉर्न, कुणीतरी हाक मारली, कँटीनमधली भांडी. दुसऱ्या फेरीत कुणाला एक्झॉस्ट पंख्याचा सूर सापडतो, जनरेटर बंद झाल्यावर तो चालू होता हे कळतं, ग्रंथालयाच्या मागे बुलबुल असतात हे कळतं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘सर्वांत जास्त आवाज माझ्या चपलांचा.’ तिला मी त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले. मामांनीही मला एकदा अनवाणी फेरी घालायला लावली होती.

मामांच्या टोलामागे जे होतं त्याला विज्ञानातही जागा आहे, हे फार उशिरा समजलं. बर्नी क्राउस या अमेरिकी ध्वनिमुद्रकाने रानातले आवाज मुद्रित करून त्यांचे आलेख काढले, तेव्हा त्याला दिसलं की जुन्या, न तोडलेल्या रानात बेडूक, किडे, पक्षी एकमेकांच्या आवाजावर चढत नाहीत. कुणी खालच्या पट्टीत, कुणी वरच्या. कुणी आधी, कुणी दुसरा थांबल्यावर. प्रत्येकाची आपापली फट. आणि जिथे माणूस ती जागा व्यापून टाकतो तिथे पाखरांना जुळवून घ्यावं लागतं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की गोंगाटाच्या भागातल्या रामगंगेच्या जातीतल्या पक्ष्याचं गाणं वरच्या पट्टीत गेलं आहे. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते, तिच्यावरून आवाज पोचायला हवा. हे मी वर्गात शिकवते तेव्हा मुलं पक्ष्याबद्दल हळहळतात. मी त्यांना सांगते, हळहळू नका, टोल कुणाच्या हातात आहे ते बघा.

रेवदंड्याचा कान या काळात बदललाच. पूल झाला, होडीचा प्रवास संपला. साळावला लोखंडाचा कारखाना आला, त्याची घरघर रात्री खाडीवरून येते. वाड्यांतले रहाट गेले, विजेच्या मोटारी आल्या. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या आणि त्यांच्या डिकीतले स्पीकर. यातलं काहीच मला शोकाचं वाटत नाही; कारखान्यावर घरं चालतात, पाहुण्यांवर खानावळी चालतात, आणि रहाटामागे फिरून दमलेल्या रेड्याला विचारलं तर तो मोटारीच्याच बाजूने बोलेल. एक दिवस मात्र वेगळा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि अष्टागरातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या करून गेलं. काही आठवड्यांनी मला गावी जाता आलं. आमच्या वाडीत उभी राहून मी नेहमीसारखी कान देऊन ऐकलं. वारा होता, पण त्याला वाजायला झावळ्या नव्हत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. वाडीचा आवाजही तेवढ्याच वर्षांनी परत येणार होता.

त्याच खेपेला कोर्लईला गेले. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घराचे पत्रे वादळात गेले, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून विचारपूस करायला. मामांच्या मुलीने दार उघडलं. आम्ही पूर्वी कधी भेटलो नव्हतो. पत्रे नवे बसले होते, एका भिंतीला ओल होती. चहा झाला. बोलता बोलता मी म्हटलं, तुमचे वडील किती शांत, एखादा शब्द बोलले तर बोलले.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग एवढ्या जोरात हसल्या की शेजारची बाई दारात आली. तिला त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि ती पण हसायला लागली. कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज. पण १७४० नंतर पोर्तुगीज गेले आणि आजूबाजूला मराठीच राहिली, त्यामुळे वाक्याची मांडणी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ती बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. आणि मामा, असं आता समजलं, त्यांतले नामांकित बडबडे.

‘‘आवो, ते आणि गप?’’ ताई म्हणाल्या. ‘‘घरात आमाला कुनाला बोलू द्यायचे नाहीत. रात्री ओटीवर बसले की सगली आली आयकायला यायची.’’

मामा दिवसभर जे ऐकायचे ते रात्री ओटीवर करून दाखवायचे. मुख्याध्यापकांचा खोकला. चढावर धाप लागलेली एसटी. बारा दाहे वीसासे म्हणताना शेवटी लांबवलेला मुलांचा सूर. टोपलीवालीशी घासाघीस करणाऱ्या बाई. आमच्या शाळेतला एकूण एक माणूस खाडीपलीकडे माहीत होता, आवाजाने. मी विचारलं, मग शाळेत का नाही बोलायचे? ताईंनाही लहानपणी हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी तो वडिलांना विचारला होता. वडील म्हणाले होते, शाळेत मास्तर बोलतात, पोरं बोलतात; मग ऐकायचं कुणी?

मग ताईंना एकदम काही आठवलं. ‘‘तुमी ती तर नाय?’’ म्हणाल्या, आणि मान थोडी तिरकी करून, एका दमात, वर चढत जाणाऱ्या सुरात म्हणायला लागल्या: ‘‘मामा, हे काय? मामा, ते काय? मामा, होडीत भीती वाटते का? मामा, सांगा ना, मामा!’’ त्यांनी मला कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी वडिलांनी केलेली मी ऐकली होती, आणि ती नक्कल घरात इतक्यांदा झाली होती की वडील गेल्यावरही ती टिकून राहिली. माझ्या लहानपणीचा एकही फोटो घरी धड नाही. माझा त्या वयातला आवाज कोर्लईत एका घरी जपलेला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या फेऱ्यांत घेणारी मी एकटीच. मामांनीही माझ्याकडून रोज काहीतरी घरी नेलं होतं, हे समजल्यावर मला बरं वाटलं. ऋण एका बाजूला साचून राहिलं की जड होतं. ताईंनी मग जेवायला थांबवून घेतलं आणि जेवताना मला बोलू दिलं नाही. बापाची लेक.

मामांचा शांतपणा हा त्यांचा स्वभाव नव्हता, ते त्यांनी दुसऱ्यांसाठी रोज ठरवून केलेलं काम होतं, हे त्या दुपारी कळलं आणि त्याने माझी सोयच झाली. स्वभाव असता तर मला तो उसना घेता आला नसता. मी आहे तशीच बडबडी आहे. काम मात्र कुणालाही करता येतं.

गेल्या काही वर्षांपासून पुण्यात आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीवर मी आहे. आवाजाचा विषय निघाला की दरवर्षी कायद्यावर येऊन थांबतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळ्यांना तोंडपाठ: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट. आकड्यांवर भांडण होतं आणि मोबाइलवरची डेसिबल मोजणी एकमेकांना दाखवली जाते. मी एकच सूचना मांडली. स्पीकरचं बटण दाबण्याआधी ज्याच्या हातात बटण आहे त्याने आवाराला एक फेरी घालायची, न बोलता, आणि येऊन काय ऐकलं ते सांगायचं. पहिल्या संध्याकाळी अकरावीतला एक मुलगा गेला. परत येऊन म्हणाला, बी विंगमध्ये बाळ आत्ताच झोपलंय, त्याची आई गाणं म्हणत होती. कोपऱ्यावरच्या मशिदीत बांग सुरू आहे. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आरतीची वाट बघतायत, टाळ घेऊन बसलेत. आरती सहा-सात मिनिटं उशिरा सुरू झाली, स्पीकरचं तोंड बी विंगपासून वळवलं आणि आजोबांना खाली आणून बसवलं. कुणाचंही काही बिघडलं नाही.

सूचना मंजूर झाली तेव्हा सेक्रेटरींनी इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव घातलं. मी म्हटलं, ते खोडा, तिथे ‘मामांचा नियम’ लिहा. कोण मामा, त्यांनी विचारलं, कुठल्या विंगचे? कोर्लईचे, म्हटलं, आणि गुरुजींचा खोकला, एसटी, बारा दाहे वीसासे असं सगळं करून दाखवायला सुरुवात केली. माझी एसटी काही चढावर चढेना, पण समितीची माणसं हसत होती आणि पुढचे दोन ठराव दुसऱ्या दिवसावर गेले.